त्या पेपरातला आवाज माझा होता

माझ्या सुनेने परीक्षेत कॉपी केली, असं आमच्या नात्यात आजही समजलं जातं. तसं घडलं नव्हतं. त्या दिवशी घरात काय झालं हे फक्त तिला आणि मला ठाऊक आहे. ती सांगणार नाही, म्हणून मी लिहितो आहे. नावं कुणाचीच घालत नाही. माझंही नाही. तसं लिहिण्याची ताकद असती, तर हे लिहायची वेळच आली नसती.

मी भिलाईच्या कारखान्यात हिशेब विभागात छत्तीस वर्षं काढली. मूळचा वर्धेकडचा. निवृत्तीनंतर कारखान्याचा सेक्टरमधला क्वार्टर सोडून रुआबांध्याला तीन खोल्यांचं घर घेतलं. बायको तिथे दोन वर्षं राहिली आणि गेली. मुलगा रसमड्याच्या एका फॅक्टरीत सुपरवायझर आहे. त्याचं लग्न आर्वीजवळच्या गावातल्या मुलीशी केलं, तेव्हा ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या वडिलांनी हात जोडून विचारलं होतं, "पोरीचं शिक्षण पुरं करून द्यान ना जी?" मी म्हणालो होतो, "अहो, हिशेबाच्या माणसाच्या घरी येऊन राहिली. माझ्या घरी नाही तर कोणाच्या घरी पुरं होईन?" सगळे हसले. त्यानंतर अकरा वर्षं मी तो विषय काढला नाही. तिने दोनदा काढला होता. एकदा माझी बायको आजारी होती, दुसऱ्यांदा घराचं काम चालू होतं.

बाराव्या वर्षी तिने मोबाईलवर एक जाहिरात पाहिली. घरबसल्या हिशेबशास्त्राची पदवी, तीन वर्षं, सहा सेमिस्टर, क्लास सगळे लॅपटॉपवर. मुलाच्या फॅक्टरीच्या ऑफिसात अकाउंट्सची एक जागा रिकामी होणार होती, तिथल्या मॅनेजरने पदवीची अट सांगितली होती. ती तीन वर्षं थांबायला तयार होती आणि तो मॅनेजरही थांबणार होता, कारण जागेवरच्या बाईंची निवृत्ती तेव्हाच होती. मुलगा म्हणाला, "कर ले, लेकिन घर का काम मत रुकने देना." तिने नाव घातलं.

माझं मत मी लगेच दिलं होतं. "कॉम्प्युटरची बटणं दाबनं म्हणजे हिशेब नाही बेटा. व्हाउचर हातात घ्या लागते, त्याचा वास घ्या लागते."

"वास घ्याले मी तुमच्याकडे येईन मामाजी," ती म्हणाली. "बटणं मी दाबते."

दुपारी भांडी झाली की ती आतल्या खोलीत बसायची. लॅपटॉपमधून कुठल्या तरी सरांचा आवाज यायचा, "हैलो, मेरी आवाज़ आ रही है?" मग बराच वेळ येत आहे की नाही हेच चालायचं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचण्याचं नाटक करत ऐकायचो. पहिल्या सेमिस्टरला साधं जमाखर्चाचं, रोजकीर्द, खतावणी, तेरीज. ते मला तोंडपाठ. त्यासोबत व्यवसायाचा कायदा आणि पर्यावरण. पर्यावरण कशाला म्हणून मी हसलो, तर म्हणाली, "मामाजी, तुमच्या कारखान्याचा धूर कोण मोजीन?" दुसऱ्या वर्षी उत्पादन खर्चाचा हिशेब आला, कंपनीच्या शेअरच्या नोंदी आल्या, आयकर आला. तिसऱ्या वर्षी जीएसटी, लेखापरीक्षण, आणि हिशेबाचं ते सॉफ्टवेअर. दर आठवड्याला वीस गुणांची चाचणी. चर्चेच्या पानावर काही लिहिलं नाही तर गुण कापायचे. एका विषयात तिला एका काल्पनिक दुकानाची वर्षभराची सगळी पुस्तकं लिहायला दिली होती. ते दुकान तिने महिनाभर चालवलं. स्वयंपाक करता करता म्हणायची, "आज माझ्या दुकानात माल परत आला."

जीएसटी मला येत नव्हता. शेअरचं जेमतेम. पण नोंद कुठल्या बाजूला पडते हे मला झोपेतही येत होतं, आणि ते मी तिला शिकवू लागलो. तिने मागितलं नव्हतं, मीच सुरुवात केली. तिला एक अडचण होती. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली, आणि इथे सर हिंदीत बोलायचे, पुस्तक इंग्रजीत. डेबिट-क्रेडिट ऐकलं की तिचा गोंधळ व्हायचा. मी म्हणालो, सोड ते. नावे आणि जमा म्हण. डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा. मी वर्ध्याच्या शाळेत तेच शिकलो होतो, आणि कारखान्यातही आमच्या विभागात आम्ही दोघं मराठी क्लार्क एकमेकांत तेच म्हणायचो.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर यायच्या आधी एक पद्धत होती. महिन्याच्या शेवटी दोन क्लार्क समोरासमोर बसायचे. एकाच्या हातात मूळ कागद, दुसऱ्याच्या पुढे खतावणी. पहिला नोंद वाचायचा, दुसऱ्याने बाजू सांगायची आणि टिक करायची. आम्ही त्याला पुकारा म्हणायचो. पुकाऱ्याला उत्तर आलं नाही, तर पान पुढे सरकायचं नाही. दिवसभर असं बसल्यावर घरी जेवतानाही कुणी काही म्हटलं की तोंडात "नावे" यायचं. बायको म्हणायची, "वरण वाढू का विचारलं मी. नावे काय म्हणता?"

मी सुनेला तसंच शिकवलं. ती पोळ्या लाटायची, मी खुर्चीवरून पुकारायचो. "विम्याचा हप्ता आगाऊ दिला." "नावे." "बँकेकडून कर्ज घेतलं, कर्जखातं." "जमा." पुढे पुढे उलटंही चालायचं, ती पुकारायची आणि मी उत्तर द्यायचो. दोन वर्षांत तिची अशी सवय झाली की प्रश्न वाचताना ओठ हलायचे आणि अर्धा प्रश्न मराठीत पुटपुटला जायचा. एका चाचणीत लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने तिला ताकीद दिली होती, ओठ हलवू नका. ती मला हसत म्हणाली, "तुमची देन हाये ही." मुलगा हसला नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, उसकी पढ़ाई में आप टांग मत अड़ाओ. आता आखरी सेमिस्टर हाय. मॅनेजर रोज विचारून राहिला."

शेवटच्या सेमिस्टरला सगळ्या वर्षांचा मिळून एक पेपर होता. प्रश्नाखाली चार उत्तरं, बरोबर त्यावर टिचकी मारायची. तो शेवटचा पेपर. बाकी सगळे विषय ती पास झालेली होती. परीक्षा घरूनच, पण नियम कडक. सुरू होण्याआधी लॅपटॉप उचलून सगळी खोली कॅमेऱ्याला दाखवायची. खोलीत दुसरं कुणी नको. बोलायचं नाही. आवाज आला की यंत्र नोंद करतं.

दिवस नोव्हेंबरातला होता. मुलगा ड्यूटीवर. ती मला म्हणाली, "मामाजी, साडेदहा ते साडेबारा मी आतल्या खोलीत. तुम्ही मागच्या वऱ्हांड्यात बसा. तिथं ऊन बी हाये."

"अन् चहा?"

"थर्मासमध्ये हाये. आज तुमचे कप तुम्ही मोजा."

मी वऱ्हांड्यात बसलो. लाखोळीची भाजी निवडायला घेतली होती. अर्धा तास तिथेच होतो, हे खरं आहे. मग परडी घेऊन स्वयंपाकघरात आलो. स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्यामध्ये दार आहे, पण ते फुगलेलं असल्याने लागत नाही, पडदा असतो. मी पाणी प्यायला आलो होतो असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. मी पाणी प्यायला आलो नव्हतो. मला ऐकायचं होतं. मी शिकवलेलं तिथे उपयोगी पडतं आहे का, ते मला कानांनी ऐकायचं होतं. मी स्टूल पडद्याजवळ ओढलं.

ती पुटपुटत होती. अगदी हळू, पण मला ऐकू येत होतं, कारण मी त्यासाठीच बसलो होतो. काही प्रश्न तिने भराभर सोडवले. मग एका ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, "आगाऊ..." पुन्हा म्हणाली, "आगाऊ..." पुढचं नीट आलं नाही. आणि मी म्हणालो, "नावे!" ती गप्प. मला वाटलं ऐकू गेलं नाही. म्हणून पुन्हा, मोठ्याने, "नावे, बेटा, नावे! जमा नाही!"

लॅपटॉपने टुंग असा आवाज केला. तेव्हा मला कळलं मी कुठे बसलो आहे.

साडेबाराला ती बाहेर आली. मी वऱ्हांड्यात परत जाऊन बसलो होतो. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, भाजीच्या परडीत हात घातला आणि म्हणाली, "मामाजी, तुम्ही बोलले."

"लय हळू बोललो."

"दोनदा बोलले. लाल पट्टी आली वर." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "होऊ द्या. एवढ्याशानं काही नाही होत. लिहून देऊ, घरातले म्हातारे माणूस बोलले म्हणून." आणि थोड्या वेळाने हसून, "अन् ते नावे नव्हतं. आगाऊ मिळालेली रक्कम होती. ग्राहकाचा ॲडव्हान्स. ते देणं असते. जमा. मी जमावर टिचकी मारून पुढं जाऊन राहिली होती, तवाच तुम्ही ओरडले."

मी फक्त 'आगाऊ' ऐकून आगाऊ दिलेल्या खर्चाची बाजू सांगितली होती. छत्तीस वर्षांच्या हिशेबनिसाने चुकीचं उत्तर सांगितलं, आणि तिने ते घेतलं नव्हतं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. तिने माझं उत्तर घेतलं नव्हतं.

चौथ्या दिवशी विद्यापीठाची ईमेल आली. परीक्षेच्या वेळी एका अनोळखी पुरुषाचा आवाज ऐकू आला, तो न कळणारे सांकेतिक शब्द सांगत होता, तरी सात दिवसांत खुलासा करावा. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाने त्या वेळी आपण कुठे होतो, हे सहीनिशी लिहून द्यावं. दोषी आढळल्यास फौजदारी कारवाईही होऊ शकते. 'नावे' हा शब्द त्यांच्यापैकी कुणालाच कळला नव्हता. त्यांना तो सांकेतिक वाटला.

मुलाने संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर ते वाचलं. बूटही काढले नव्हते. तिला म्हणाला, "ये आदमी कौन है? फोन स्पीकर पे रखा था क्या? किसी कोचिंग वाले से पूछ रही थी?"

"नाही जी," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

तो माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही होते का आत? सच बोलो."

ती वाट पाहत होती. ते मला स्पष्ट दिसत होतं. मी हो म्हणायचं, मुलगा मला चार शब्द बोलेल, आणि मग आम्ही तिघं बसून खुलासा लिहू, एवढंच तिला अपेक्षित होतं. मी म्हणालो, "मी? मी तर दुर्गला गेलतो. हयातीचा दाखला द्याले."

असं का म्हणालो याची कारणं मी नंतर बरीच जमवली. फौजदारी हा शब्द वाचून घाबरलो होतो. छत्तीस वर्षांत माझ्या कामावर एकही ऑडिट आक्षेप नव्हता, आणि आता या वयात पहिला येणार होता. टांग अडवू नका असं मुलगा महिन्यापूर्वीच बोलला होता. असंही वाटलं की घरात कुणीच नव्हतं म्हटलं तर तिलाच सोपं जाईल. ही सगळी कारणं खरी आहेत, पण तेव्हा, त्या क्षणी यातलं एकही डोक्यात नव्हतं. मुलगा समोर उभा होता आणि मला त्याच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. बस.

तिने आत जाऊन कणीक मळायला घेतली.

माझं लेखी निवेदन मी स्वतःच्या हाताने लिहिलं. त्या दिवशी सकाळपासून मी दुर्गला होतो. सोबत दाखल्याची पावती जोडली. दुर्गला मी गेलो होतो, पण आदल्या दिवशी. पावतीवर तारखेचा शिक्का पुसट उठला होता, आकडा वाचता येत नव्हता. असल्या पुसट शिक्क्याच्या पावत्या मी नोकरीत कितीतरी लोकांना परत पाठवल्या आहेत. "शिक्का दिसत नाही, नवीन आणा." माणसं उन्हात उभी राहायची.

ते निवेदन विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचं काम तिचंच होतं, मला ते येत नव्हतं. तिने माझा कागद मोबाईलने फोटो काढण्यासाठी सरळ केला. वाचला. पावती वाचली. तीन वर्षं लेखापरीक्षण आणि पुरावा शिकलेली बाई ती. म्हणाली, "सही राहिली मामाजी." मी सही केली. मग ते चढवायला ती आत घेऊन गेली. तिच्या स्वतःच्या खुलाशात तिने लिहिलं की आवाज कोणाचा होता हे मला सांगता येत नाही. मी खोटं बोललो म्हणून तिला तसं लिहावं लागलं. मला खोटं न पाडता तिला दुसरं काही लिहिता येत नव्हतं.

निकाल महिन्याभराने आला. आवाजाचा समाधानकारक खुलासा झाला नाही. त्या सेमिस्टरचे सगळे पेपर रद्द, आणि दोन वर्षं परीक्षेला बंदी. रसमड्याच्या मॅनेजरने दुसरी मुलगी घेतली. मुलाला तिथे रोज त्या मुलीच्या टेबलासमोरून जावं लागतं. तो घरी येऊन म्हणायचा, "उस लड़की की डिग्री असली है." कधी जेवताना, "मीठ टाकलं का, का तेबी फोनवर विचारू?" त्याचा राग खोटा नव्हता. त्याने ऑफिसात शब्द टाकला होता. त्याला जे सांगितलं गेलं, त्यावरून तो बोलत होता.

नागपूरला एका लग्नात तिच्या चुलत नणंदेने सगळ्यांसमोर विचारलं, "काय वं, ऑनलाइन डिग्री म्हणजे ऑनलाइन कॉपी असते म्हणतेत?" बायका हसल्या. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. माझ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता. मी तो प्यायलो.

बंदीची दोन वर्षं संपली तेव्हा मी तिला म्हणालो, पुन्हा भर फॉर्म. ती म्हणाली, नोंदणीची मुदतही संपली, आता पहिल्या सेमिस्टरपासून सगळं नव्याने करावं लागेल. तिची पुस्तकं तिने शेजारच्या एका मुलीला दिली. त्या मुलीने त्यातलं एकही उघडलं नसावं, जिन्याखाली पडलेली दिसतात.

या वर्षी माझी तब्येत ढासळली. डॉक्टर काही स्पष्ट सांगत नाहीत. मी तीन दिवस बसून विद्यापीठाच्या नावे पत्र लिहिलं. त्यात सगळं लिहिलं: स्टूल, पडदा, 'नावे' या शब्दाचा अर्थ, पावतीची खरी तारीख, आणि तिने माझं उत्तर घेतलं नव्हतं हे. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल तर तपासा, टिचकी आधीची आहे, आवाज नंतरचा आहे, असंही लिहिलं. दुपारी ती कपडे वाळत घालून आली तेव्हा तिच्या हातात दिलं. म्हणालो, "हे पाठव बेटा."

तिने उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"कोणाले पाठवू मामाजी? माझं लॉगिन तर कवाचं बंद झालं."

"पोस्टानं पाठवू. रजिस्टर्ड."

"ते रेकॉर्डिंग ठेवत नाहीत इतके दिवस. नियमातच होतं." तिने कागदाची घडी घातली. "तवा पाठवलं असतं तर झालं असतं. सात दिवस होते ना जी. मी सहा दिवस थांबली होती. सातव्या दिवशी तुमचा कागद चढवला."

मला हे माहीत नव्हतं. मी निवेदन दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं होतं आणि ते त्याच दिवशी गेलं असं धरून चाललो होतो. ती सातव्या दिवसापर्यंत तो कागद घेऊन थांबली होती. त्या सहा दिवसांत तिने मला रोज चहा दिला, औषध दिलं, काय भाजी करू विचारलं. मी वांगी सांगितल्याचं आठवतं.

"मग बोलली कावून नाही?" मी विचारलं. हा प्रश्न विचारण्याचा मला हक्क नव्हता.

"मी काय बोलू? तुमच्या लेकासमोर तुम्हाले खोटं पाडू?"

मी म्हणालो, "आज तो आला की मी त्याले सांगतो. सगळं सांगतो."

तेव्हा ती पहिल्यांदा घाबरलेली दिसली. "नका सांगू. खरंच नका सांगू मामाजी. आता कुठं त्यांनी तो विषय सोडला. चार वर्षं जे जे बोलले, ते सगळं त्यांच्या अंगावर येईन. मग ते तुमच्याशी बोलणार नाहीत, अन् माझ्याकडं पाहणार बी नाहीत. मले आता घरात शांती पाहिजे. डिग्री तर गेलीच."

"अन् लोकं म्हणतेत ते?"

"म्हणू द्या. सवय झाली."

मी पत्र परत मागितलं. तिने दिलं. बाहेर मुलाच्या मोटारसायकलचा आवाज आला, तो आत येऊन म्हणाला, "काय चाललं? बहुत भूख लगी है." ती उठून आत गेली. तो माझ्यासमोर बसला, टीव्ही लावला आणि मला विचारलं, "बाबा, दवाई ली?" मी म्हटलं, घेतली. तो बातम्या पाहत राहिला. त्याला सांगण्यासारखं सगळं माझ्या हातात घडी घालून होतं, आणि मी या वेळी तिच्या सांगण्यावरून गप्प बसलो.